रूबेन्सचा चिनी व्यापारी

टिटवाळ्याकडून वाहत येणारी काळू नदी आंबिवलीच्या अंगाने पुढे जाऊन उल्हास नदीस मिळते आणि उल्हास पुढे कल्याणच्या खाडीची वाट धरते. आज ह्या वाटेने आगगाड्या धावतात. खाडीकडे मुद्दाम वळून पाहणारा उतारू विरळाच. परंतु सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ह्या प्रांताचा राजमार्ग ही खाडीच होती. घाट उतरून आलेला माल कल्याणच्या बंदरात गलबतांवर चढे, आणि कल्याणचे नाव यवन दर्यावर्द्यांच्या ग्रंथांतही लिहिले जाई. त्या काळच्या कल्याणकरांची नावे साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत आजही कोरलेली आढळतात. त्यांपैकी एक सामिदत नावाचा सोनार होय. त्याने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके खोदवून दिले आणि तसा लेख तेथे कोरविला. त्याचे नाव कळते, गाव कळते, धंदा कळतो आणि दानही कळते. एकच गोष्ट कळत नाही. तो दिसत कसा होता, हे सांगणारे काहीही उरलेले नाही.

आता ह्याच्या अगदी उलट असे एक उदाहरण पाहावे. अमेरिकेत लॉस एंजेलिस नगरीत गेटी संग्रहालय आहे. तेथे सुमारे पंधरा इंच उंचीच्या एका कागदावर एका पुरुषाची उभी तसबीर रेखाटलेली आहे. काळ्या खडूने काढलेली ही आकृती असून गाल, नाक व ओठ ह्यांवर तांबड्या खडूचा हलकासा हात फिरविलेला आहे. त्यामुळे चेहऱ्यात रक्त खेळत असल्याचा भास होतो. अंगात पायघोळ झगा, त्याच्या बाह्या एवढ्या रुंद की दोन्ही हात परस्परांच्या बाहीत घालून तो स्वस्थ उभा आहे. मस्तकावर आरपार दिसणारी जाळीदार टोपी आहे. मागे डावीकडे, पुसट रेषांनी, एक लहानसे जहाज दाखविले आहे. मुद्रा शांत, किंचित विचारमग्न. परक्या देशात अनेकांच्या कुतूहलाचा विषय झालेला मनुष्य, तरीही आपली अदब न सोडता उभा आहे, असे पाहणारास वाटते. येथे चेहरा आहे, वेष आहे, जहाजही आहे. नाव मात्र नाही.

हे चित्र पीटर पॉल रूबेन्स ह्या फ्लेमिश चित्रकाराने काढले. रूबेन्सचा जन्म १५७७ सालचा आणि मृत्यू १६४० सालचा. अर्थात् आपल्याकडे शहाजीराजांची कारकीर्द गाजत होती तो हा काळ होय. अँटवर्प शहरी त्याची मोठी चित्रशाळा होती. प्रस्तुतचे रेखाचित्र १६१७ सालच्या सुमाराचे मानले जाते. त्याच सुमारास अँटवर्प येथील जेझुइट पंथाच्या देवालयासाठी रूबेन्स एक भव्य चित्र रंगवीत होता. विषय होता सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चमत्कारांचा. हा झेवियर गोमंतकात १५४२ साली उतरला, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावला, आणि त्याचा देह आज जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या देवालयात आहे, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे. रूबेन्सचे ते मोठे चित्र आता व्हिएन्ना येथे आहे. त्यातील पौर्वात्य जनसमुदायात ह्याच वेषाचा एक पुरुष मागील बाजूस उभा दिसतो. म्हणजे रेखाचित्रातील मनुष्यास चित्रकाराने झेवियरच्या श्रोत्यांत नेऊन उभे केले. रूबेन्स स्वतः आशियात कधी गेला नाही; परंतु त्यास आशियाचा माणूस हवा होता, आणि तो त्यास सापडला.

सापडलेला हा माणूस कोण, हा प्रश्न पुढे चारशे वर्षे चर्चिला गेला. १७७४ साली विल्यम बेली ह्या खोदकाम करणाऱ्या कलावंताने ह्या चित्राचा ठसा तयार केला, आणि त्याखाली हा इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारी आलेला सयाम देशाचा वकील होय, असे छापले. छापलेल्या अक्षरावर लोकांचा विश्वास सहज बसतो. वास्तविक थोडा हिशेब करणारासही ही अडचण दिसली असती. चार्ल्स गादीवर बसला १६२५ साली. व्हिएन्नातील चित्र त्यापूर्वी सहासात वर्षांचे. तेव्हा चार्ल्सच्या दरबारी आलेला वकील आधीच्या चित्रात कसा शिरला? तथापि हा हिशेब फारसा कोणी केला नाही, आणि सयामचा वकील बरीच वर्षे सयामचा वकील म्हणूनच नांदला.

विसाव्या शतकात पोशाखाचा अभ्यास करणाऱ्यांनी दुसरा निवाडा दिला. टोपी व झगा कोरिया देशातील पद्धतीचे दिसतात, असे त्यांचे म्हणणे पडले. १९८३ साली हे चित्र लिलावातून गेटी संग्रहालयाकडे गेले तेव्हा ‘कोरियन पोशाखातील पुरुष’ हेच त्याचे नाव रूढ होते. आता कोरियाचा मनुष्य त्या काळी युरोपात पोचला तरी कसा? ह्या प्रश्नाचे जे उत्तर पुढे केले गेले ते थेट आपल्या गोमंतकातून जाते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

फ्रान्चेस्को कार्लेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी पृथ्वीप्रदक्षिणा करीत १५९७ साली जपानात पोचला. जपानच्या सैन्याने त्या वर्षांत कोरियावर स्वारी केलेली होती आणि तेथील बायकामुले धरून आणून नागासाकीच्या बाजारात विकली जात होती. कार्लेत्तीने अशा पाच कोरियन जीवांस विकत घेतले. पाचांची मिळून किंमत त्याने बारा स्कुदी नाण्यांहून थोडी अधिक दिली, असे तो स्वतःच नमूद करतो. त्याने त्यांना बाप्तिस्मा देवविला आणि बरोबर घेऊन तो गोव्यास आला. गोव्यात आल्यावर त्याने त्या सर्वांस मोकळे केले. एकास मात्र पुढे बरोबर नेले. तो फ्लॉरेन्सपर्यंत गेला, आणि पुढे रोममध्ये असावा, असे कार्लेत्ती लिहितो. त्याचे नाव तो अंतोनियो कोरेआ असे देतो. रूबेन्स १६०० पासून १६०८ पर्यंत इटलीतच होता. तेव्हा रूबेन्सने ज्याचे चित्र काढले तो हा अंतोनियोच असला पाहिजे, असा तर्क निघाला. कोरियात ह्या तर्काने लोकांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला, ह्यात नवल नाही. परदेशी विकल्या गेलेल्या आपल्या एका बांधवाची मुद्रा जगातील एका श्रेष्ठ चित्रकाराने अमर केली, ह्या कल्पनेत मोठेच समाधान आहे.

परंतु येथे क्षणभर थांबून त्या पाच जीवांकडे पाहावे. चौघेजण गोव्यात मोकळे झाले आणि त्या बंदराच्या गर्दीत मिसळून गेले. मांडवीच्या काठी त्यांनी पोटासाठी काय केले, कोठे संसार थाटले, कोणत्या मातीस ते मिळाले, ह्याविषयी कार्लेत्तीच्या ग्रंथात एक ओळही नाही. पाचव्याचे नाव उरले असे आपण म्हणतो. पण ते तरी त्याचे होते काय? अंतोनियो हे बाप्तिस्म्याचे नाव, आणि कोरेआ हे त्याच्या देशाचे नाव. बारशाच्या दिवशी त्याच्या आईने ज्या नावाने त्यास हाक मारली ते नाव कोणीही लिहून ठेवले नाही.

ह्यात कार्लेत्ती एकटाच दोषी होता असे नव्हे. तो त्या काळच्या युरोपियन दृष्टीचा दोष होता. कार्लेत्तीच्या आधी, १५८३ साली, यान हाउखेन वान लिन्शोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपाचा कारकून म्हणून गोव्यास आला आणि पाचएक वर्षे तेथे राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांत गोव्याचे ब्राह्मण आहेत, खंबायतचे वाणी आहेत, कोकणी शेतकरी आहेत आणि चीनचे लोकही आहेत. पागोटे, धोतर, कानातील कुंडले, हातातील छत्री, सर्व काही बारकाईने दाखविले आहे. पण त्या चित्रांतील एकाही मनुष्यास स्वतःचे नाव नाही. तो ब्राह्मण म्हणजे ब्राह्मण जातीचा नमुना, आणि तो वाणी म्हणजे वाण्याचा नमुना. जसे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पान, फूल व फळ दाखवावे, तसेच हे झाले.

ह्याच लिन्शोटेनने दिलेल्या सागरी वाटांच्या माहितीचा आधार घेऊन डच गलबते १५९६ साली जावा बेटातील बांताम बंदरास पोचली. मिऱ्यांच्या त्या मोठ्या पेठेत चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. आणि येथूनच आपल्या चित्राच्या कथेस तिसरे वळण लागते. २०१६ साली थाइस वेस्टस्टाइन आणि लेनार्ट हेस्टरकांप ह्या दोन संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, चित्रातील पुरुष सयामचाही नव्हे आणि कोरियाचाही नव्हे. तो यिप्पोंग नावाचा चिनी व्यापारी असावा. बांतामहून डच गलबतातून हा यिप्पोंग १६०० साली झीलंड प्रांतातील मिडलबर्ग शहरी आला आणि १६०१ साली परत गेला. त्या काळी युरोपात सुशिक्षित गृहस्थ एक स्नेहवही बाळगीत. तीत मित्रांच्या सह्या, वचने व चित्रे घेत. अशा एका स्नेहवहीत ह्या यिप्पोंगचे चित्र त्याच्या नावानिशी सापडले, आणि त्याचा वेष रूबेन्सच्या चित्रातील वेषाशी जुळता आढळला. मिंग राजवटीतील चिनी गृहस्थांत असा पोशाख होता, असेही ह्या संशोधकांचे म्हणणे आहे.

आता हेही लक्षात घेतले पाहिजे की, १६०० च्या मे महिन्यातच रूबेन्स इटलीस निघून गेला होता. म्हणजे यिप्पोंग रूबेन्ससमोर कधी उभा राहिला नसावा. दुसऱ्या कोणी समक्ष काढलेल्या चित्रावरून रूबेन्सने पंधरासोळा वर्षांनंतर आपले चित्र केले, असा ह्या मताचा अर्थ होतो. चेहऱ्यात जो जिवंतपणा भासतो तो रूबेन्सच्या हाताचा, आणि ओळख पटते ती कोणा अप्रसिद्ध माणसाच्या वहीवरून. ह्या मतावर विद्वानांत पुढेही वाद होईल. तो होणे इष्टही आहे. पण एक गोष्ट वादातीत म्हटली पाहिजे. सयामच्या वकिलाचा आधार दीडशेहून अधिक वर्षांनी छापलेली एक ओळ होती. अंतोनियोचा आधार एक हृदयस्पर्शी तर्क होता. यिप्पोंगचा आधार मात्र त्याच काळी, चित्राशेजारी, हाताने लिहिलेले नाव हा आहे. तर्क कितीही सुंदर असला तरी तो अशा एका अक्षराच्या तोलाचा ठरत नाही.

चेहरा राहून नाव जाण्याचा हा प्रकार दूरदेशीच घडला, असे मात्र समजू नये. ज्या कान्हेरीत सामिदत सोनाराचे नाव कोरलेले आहे, त्याच कान्हेरीशी अशीच दुसरी एक कथा निगडित आहे. जेम्स वेल्स हा स्कॉट चित्रकार १७९१ साली मुंबईस आला आणि दुसऱ्याच वर्षी इंग्रजांचा वकील मॅलेट ह्याच्या आश्रयाने पुण्यास गेला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस आणि महादजी शिंदे ह्यांच्या तसबिरी त्याने रंगविल्या. पेशवे व नाना ह्यांचे त्याचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. ह्या तिघांचे चेहरे आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही परिचित आहेत, ह्याचे बरेचसे श्रेय वेल्सकडे जाते. काळाची गती पाहा. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वारले. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात पडून मरण पावले. आणि त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच, साष्टीतील लेण्यांची चित्रे काढण्याचे काम चालू असता, वेल्सला ताप आला व ठाण्यास त्याचा अंत झाला. तसबीर काढविणारा गेला, काढणाराही गेला. तसबीर मात्र नावानिशी राहिली.

परंतु वेल्सजवळ एक मराठी हात होता. पुण्यात पेशव्यांच्या आश्रयाने जी चित्रशाळा निघाली तीत गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा तरुण तयार झाला होता. तांबट कुळातील ह्या माणसाने वेरूळच्या लेण्यांची चित्रे मोठ्या निष्ठेने काढली. कैलास लेणे आपण आज छायाचित्रांतून सहज पाहतो. छायाचित्राचा शोधही लागला नव्हता तेव्हा ते पुढे बसून, खांब न् खांब निरखून, कागदावर उतरविणे हे केवढे कष्टाचे काम, ह्याची कल्पना करावी. वेल्स गेल्यावर १८०३ साली थॉमस डॅनियल ह्याने लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांचा चोवीस चित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या चित्रांच्या आधारे तो तयार झाला त्यांत गंगारामाचे श्रम मोठे होते. ग्रंथाच्या पहिल्या पानावर नाव छापले गेले ते मात्र वेल्सचे. गंगारामाची मूळ चित्रे पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात गेली. तेथे अभ्यासकांनी ती पाहिली, आणि त्याचे नाव पुन्हा उच्चारले जाऊ लागले.

येणेप्रमाणे तीन माणसे आपल्यासमोर उभी राहतात. कल्याणच्या सामिदताचे नाव उरले, चेहरा गेला. मिडलबर्गला गेलेल्या चिनी व्यापाऱ्याचा चेहरा उरला, आणि नावासाठी त्यास चार शतके थांबावे लागले. पुण्याच्या गंगारामाची रेषा उरली आणि तिच्यावर दुसऱ्याचे नाव बसले. तिघांचे नष्ट झाले ते वेगवेगळे. पण तिघांचे जे काही राखले गेले, ते लिहिलेल्या अक्षरामुळेच. सामिदताने पाथरवटाकडून नाव कोरवून घेतले. यिप्पोंगचे नाव कोणी स्नेहवहीत लिहिले. गंगारामाची चित्रे त्याच्या नावाने ओळखता येतील अशी जपली गेली. रूबेन्ससारखा थोर कलावंतही कागदाच्या एका कोपऱ्यात दोन शब्द लिहिता, तर सयामचा वकील जन्मास आला नसता. ते दोन शब्द लिहिण्यास खडूचा एखादा तुकडा आणि क्षणभराचा अवधी पुरता.

ही गोष्ट केवळ संग्रहालयांपुरती आहे काय? कल्याण, आंबिवली, शहाड, टिटवाळा ह्या बाजूच्या जुन्या घरांतून भिंतींवर पिवळी पडलेली छायाचित्रे टांगलेली असतात. ट्रंकेच्या तळाशी कागदात गुंडाळलेली असतात. लग्नातील एखाद्या जुन्या चित्रात वीसपंचवीस माणसे ओळीने उभी असतात. मधले वरवधू कोण ते घरातील म्हातारी सांगू शकते. त्यांच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बाई कोण, मागे टोपी घातलेला मनुष्य कोण, हेही कदाचित ती एकटीच सांगू शकते. ती गेली की त्या चित्रातील निम्मी माणसे सयामचे वकील होतात. मग नातवंडे तर्क करू लागतात. हे आजोबांचे मामा असतील, ही कोणी शेजारीण असेल. आता तर खिशातील यंत्रावर घरोघर हजारो छायाचित्रे निघतात, पण त्यांखाली नाव लिहिण्याची चाल जवळजवळ उरली नाही. चेहरे इतके विपुल कधीच नव्हते, आणि ते निनावी होण्याची भीतीही इतकी मोठी कधी नव्हती.

तेव्हा सणासुदीस सगळी मंडळी एकत्र जमली असता, घरातील वृद्ध माणसास जवळ बसवून जुनी चित्रे एकेक करून त्याच्या हाती द्यावीत. आणि तो सांगेल ते नाव, गाव व साल मागील बाजूस मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. आजी, ही कोण, असे एका मुलाने विचारावे आणि दुसऱ्याने लिहावे. त्यास फार तर एक दुपार लागेल. एवढे झाले म्हणजे पुढे कोणास त्या चेहऱ्यांसाठी चारशे वर्षे शोध करावा लागणार नाही.